फिल्टर, हेडर की थ्रॉटल बॉडी? आधी हवा कुठे अडते ते मोजा

प्रश्न गेवराईहून आला आहे. २०१८ ची पेट्रोल स्विफ्ट, लाखाच्या आत पळालेली, दर आठवड्याला छत्रपती संभाजीनगर नाहीतर धाराशिवची चक्कर. मांजरसुंब्याच्या घाटात चार माणसं, सामान आणि एसी असला की गाडी दम सोडते. एका दुकानाने चाळीस हजारांचा सेट सांगितला आहे: उघडा कोन फिल्टर, मोठी थ्रॉटल बॉडी (पेडलप्रमाणे हवा सोडणारी झडप), फोर-टू-वन हेडर (चार सिलिंडरचा धूर एका पाईपमध्ये आणणारे पाईप) आणि फ्री-फ्लो सायलेन्सर. पंधरा-वीस हॉर्सपॉवर वाढेल असा शब्दही दिला आहे. हा सेट घ्यावा का, आणि भावाच्या डिझेल स्विफ्टला यातलं काही उपयोगी पडेल का, असं विचारलं आहे.

आधी उत्तर देतो, मग कारणं. पेट्रोल गाडीला हा सेट घेऊ नका. डिझेलमध्ये ताकद वाढवायला खरोखर जागा आहे, पण ती या चार वस्तूंमध्ये नाही. गाडीला हात लावू नये अशा मताचा मी नाही. इंजिनाची हवा वाढवणं हेच माझं रोजचं काम आहे आणि ते मला मनापासून आवडतं. म्हणूनच एखाद्याने कष्टाचे चाळीस हजार चुकीच्या जागी घातलेले बघवत नाहीत.

हिशोब असा आहे. इंजिनाची ताकद शेवटी त्याने किती वजनाची हवा आत घेतली यावर ठरते. पेट्रोल कितीही ओतलं तरी साधारण १४.७ ग्रॅम हवेत एक ग्रॅम पेट्रोल पुरतं जळतं. फुल रेसला इंजिनाचा कॉम्प्युटर मिश्रण थोडं घट्ट करतो, साडेबारा-तेराला एक. तुमचं इंजिन ११९७ सीसीचं. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, दोन फेऱ्यांत सगळे सिलिंडर एकदा भरतात, म्हणजे ६००० आरपीएमला मिनिटाला सुमारे ३६०० लिटर हवेची जागा तयार होते. प्रत्यक्षात ती ८५-९० टक्के भरते. कंपनीचे ८३ हॉर्सपॉवर एवढ्या हवेतून येतात. आता त्याच आरपीएमला वीस वाढवायचे तर हवा जवळजवळ पाव हिश्श्याने जास्त हवी, म्हणजे सिलिंडर १०८-११० टक्के भरायला हवा. टर्बोशिवाय (म्हणजे हवा दाबून भरणाऱ्या पंख्याशिवाय) हे रेसिंगच्या इंजिनांत जमतं, पण तिथे कॅमशाफ्ट, हेड, मॅनिफोल्डची लांबी सगळंच वेगळं असतं आणि असं इंजिन आयडलला धड उभं राहत नाही. फिल्टर आणि सायलेन्सर बदलून ते होणार नाही. वीसचा शब्द देणाऱ्याने हा गुणाकार केलेला नाही.

आता हवेचा रस्ता डोळ्यासमोर आणा. ग्रिलमागच्या तोंडातून हवा शिरते, फिल्टरच्या डब्यात येते, मग फिल्टर, पाईप, थ्रॉटल, मॅनिफोल्ड (सिलिंडरांकडे हवा वाटणारे पाईप), हेडमधला पोर्ट (वॉल्वपर्यंतची वाट), इनटेक वॉल्व. जळाल्यावर एक्झॉस्ट वॉल्व, मॅनिफोल्ड, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातलं विष कमी करणारा डबा, म्हणजे कॅट), सायलेन्सर. शेतातल्या पाईपलाईनला एका ठिकाणी दोन इंची जोड राहिला असेल तर बाकीची तीन इंची टाकून पाणी वाढत नाही. इथेही तसंच आहे. म्हणून कोणता पार्ट चांगला हे विचारण्याआधी आपल्या गाडीत हवा अडते कुठे ते शोधायचं.

आणि ते मोजता येतं. त्यासाठी गवंड्याकडची लेव्हलची नळी पुरते.

डब्यापासून डॅशबोर्डपर्यंत पुरेल एवढी, चार-पाच मीटर पारदर्शक नळी घ्या, ती मीटरभर उंचीच्या लाकडी पट्टीवर यू आकारात बांधा आणि तिच्यात अर्ध्यापर्यंत निळीचं पाणी भरा. एक टोक उघडं ठेवा. दुसरं टोक फिल्टरच्या डब्याच्या झाकणाला, म्हणजे फिल्टर ओलांडून हवा जिथे येते त्या बाजूला, बारीक छिद्र पाडून घट्ट बसवा. काम झालं की त्या छिद्राला रबरी ग्रोमेट लावून ते पक्कं बंद करायचं. एक गोष्ट कटाक्षाने पाळा: ही नळी थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डला जोडू नका. आयडलला तिथे इतकी व्हॅक्यूम असते की सगळं पाणी इंजिनात ओढलं जाईल. पट्टी डॅशबोर्डपाशी उभी धरून शेजारी मित्राला बसवा, मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये ३००० पासून ६००० पर्यंत पेडल पूर्ण दाबून गाडी न्या आणि मित्राला नळीचा व्हिडिओ काढू द्या. दुसऱ्या गिअरमध्ये वेगही मर्यादेत राहतो. दोन्ही बाजूंच्या पाण्यात जास्तीत जास्त किती सेंटिमीटरचा फरक पडला तो लिहून ठेवा.

आपल्या भागात हवेचा दाब पाण्याच्या मापात साधारण ९७० सेंटिमीटर धरा. म्हणजे नळीत दहा सेंटिमीटरचा फरक दिसला तर इंजिनाला हवा एक टक्का कमी मिळते आहे. फिल्टर स्वच्छ असलेल्या साध्या गाडीत डबा, तोंड, फिल्टर सगळं मिळून पंधरा ते पंचवीस सेंटिमीटर दिसतात, आणि त्यात फिल्टरच्या कागदाचा स्वतःचा वाटा लहान असतो. हेही ताडून बघता येतं: दुसरं छिद्र फिल्टरच्या अलीकडच्या, धुळीच्या बाजूला पाडा आणि तिथला आकडा वजा करा. उरतो तो फिल्टरचा. समजा एकूण वीस सेंटिमीटर आले. हा अडथळा जादूने शून्य केला तरी मिळणार दोन टक्के, म्हणजे दीड-पावणेदोन हॉर्सपॉवर. एकटा फिल्टर बदलून त्यातला फार तर अर्धा. आणि हे सगळं फक्त पेडल पूर्ण दाबलेलं असताना. अर्ध्या रेसला हवा अडवण्याचं काम थ्रॉटलची पाकळी स्वतःच करत असते, तेव्हा तिच्यामागचा फिल्टर कितीही मोकळा असला तरी फरक पडत नाही. म्हणून 'फिल्टर टाकला आणि अ‍ॅव्हरेज वाढलं' या गोष्टीवर माझा विश्वास बसत नाही.

नळीत चाळीस-पन्नास सेंटिमीटर दिसले तर मात्र गोष्ट वेगळी. तेव्हा फिल्टर चोंदलेला असतो, नाहीतर तोंडात कापसाचा बोळा किंवा उंदराने आणून ठेवलेला कचरा असतो. गेवराई, माजलगाव, परभणी, जालना या पट्ट्यात जिनिंगच्या मोसमात गाडी चालवणाऱ्यांनी हे जरूर बघावं. कापसाचे तंतू फिल्टरच्या घड्यांवर अशी साय धरतात की वरून फिल्टर पांढरा, स्वच्छ वाटतो आणि आतून हवा बंद झालेली असते.

आता उघड्या कोन फिल्टरबद्दल. मराठवाड्यात त्याचे दोन शत्रू आहेत, उष्णता आणि धूळ.

उष्णतेचं बघा. हवा दर दहा अंशांनी तापली की सुमारे तीन टक्के विरळ होते. आपण समुद्रसपाटीपासून पाचशे-साडेपाचशे मीटर उंचीवर आहोत, तिथे दाबातले सहा टक्के आधीच गेलेले. मे महिन्यात बेचाळीस अंशांच्या दुपारी तुमची ८३ ची गाडी ७५ च्या आसपासच देत असते, आणि हे सगळं ठीकठाक असताना. कंपनीचा डबा ग्रिलमागून बाहेरची हवा घेतो. तो काढून इंजिनाच्या शेजारी उघडा कोन लावला की तो बॉनेटखालची साठ-सत्तर अंशांची हवा ओढतो, विशेषतः घाटात, जिथे वेग कमी आणि रेस जास्त असते. दोन-तीन हॉर्सपॉवर तिथेच जातात. वर, हवा तापली की इंजिन नॉक करू लागतं (आत इंधन ठोके देत जळतं), कॉम्प्युटर इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो, आणि आणखी थोडी ताकद जाते. म्हणजे मिळवायला गेलो एक आणि घालवले तीन-चार. स्कॅनर असेल तर त्यावर इनटेक एअर टेम्परेचर बघा: चालत्या गाडीत हा आकडा बाहेरच्या तापमानापेक्षा दहा-पंधरा अंशांच्या आत राहिला पाहिजे. कोन लावलेल्या गाडीत तो कुठे जातो ते एकदा बघितलं की पुढचा वाद उरत नाही. कोनचा तो घोगरा आवाज कानाला ताकदीसारखा वाटतो, हे खरं आहे. पण तो आवाज कंपनीने डब्यात जाणूनबुजून दाबलेला असतो, ताकद दाबलेली नसते.

धुळीबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण इथे इंजिनंच मरतात. आपली काळी माती वाळली की तिची भुकटी होते, गावरस्त्यावर मुरूम, हायवेला कुठे ना कुठे काम चालू, आणि दिवाळीनंतर ऊसतोडीच्या ट्रॅक्टरमागे चालायची वेळ. यातली मोठी धूळ त्रासदायक नाही, ती फिल्टरच्या तोंडाशीच पडते. पाच ते वीस मायक्रॉनचे, डोळ्यांना न दिसणारे वाळूचे कण पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) यांच्यामधल्या ऑइलच्या थरात शिरतात आणि दोन्ही घासून काढतात. कंपनीचा कागदी फिल्टर ९९ टक्क्यांहून जास्त धूळ धरतो. जास्त हवा सोडणारा फिल्टर जास्त हवा सोडतो तो बहुधा मोठ्या छिद्रांच्या जोरावर, आणि त्या छिद्रांतून कणही जातात. एक टक्का धूळ आत जाणं आणि तीन टक्के जाणं यात इंजिनाच्या आयुष्याच्या दृष्टीने तिप्पट फरक आहे. असं इंजिन साठ-सत्तर हजारांतच ऑइल खायला लागतं, प्लगवर काळी साय येते, आणि हाफ इंजिन कामाचा खर्च आजच्या बजेटच्या पुढे जातो.

फिल्टर धूळ सोडतो की नाही हे घरी तपासता येतं. फिल्टर आणि थ्रॉटल यांच्यामधल्या पाईपच्या आतल्या भिंतीला ग्रीसचा पातळ हात फिरवा. आठ-पंधरा दिवस नेहमीसारखी गाडी चालवा. मग ते ग्रीस बोटावर घेऊन अंगठ्याने चोळा. मऊ लागलं तर ठीक. कचकच लागली तर तीच कचकच तुमच्या बोअरमध्ये चालू आहे. ही तपासणी कोणत्याही कंपनीच्या फिल्टरला लावा, किमतीकडे बघू नका. अनेकदा दोष फिल्टरचा नसतोच. डब्याची क्लिप तुटलेली किंवा रबरी कड दुमडलेली असते आणि हवा फिल्टरच्या बाजूने पळते. तेलाचे कापडी फिल्टर धुऊन वापरणाऱ्यांनी आणखी एक जपावं: तेल जास्त झालं तर ते उडून आत येणारी हवा मोजणाऱ्या मॅफ सेन्सरच्या तारेवर बसतं, हवेचं माप चुकतं आणि गाडी आधीपेक्षा मंद होते.

मोठ्या थ्रॉटल बॉडीवर फार वेळ घालवत नाही. पूर्ण उघडल्यावर मूळ थ्रॉटल या इंजिनाला पुरेशी मोठी आहे. मोठी बसवली की त्याच पेडलला जास्त हवा जाते, म्हणून सुरुवातीला गाडी चपळ वाटते. पेडल पूर्ण दाबल्यावर ताकद तेवढीच. पेडलच्या वायरिंगमध्ये बसवायचे जे बॉक्स मिळतात त्यांचंही हेच. उलट थ्रॉटल बदलल्यावर आयडल हलायला लागतं आणि ते बसवण्यात गॅरेजच्या चकरा होतात.

हेडरमागचं तत्त्व खरं आहे. एका सिलिंडरमधून निघालेला धुराचा झोत पाईपमध्ये आपल्यामागे कमी दाब सोडत जातो. दोन्ही वॉल्व क्षणभर एकदम उघडे असताना तो कमी दाब आधीचा धूर ओढून काढतो आणि नवी हवा आत खेचायला मदत करतो. पाईपची लांबी आणि जाडी बरोबर असेल तर एका ठराविक आरपीएमला ते जमतं. 'इंजिनाला थोडा बॅक प्रेशर (धुराचा उलटा दाब) लागतोच' असं मिस्त्री लोक म्हणतात, त्यामागचं खरं कारण हे आहे: पाईप फार जाड केला की धुराचा वेग पडतो, ओढ संपते आणि खालच्या आरपीएमचा दम जातो. इंजिनाला दाब नको असतो, वेग हवा असतो. बाजारातला हेडर कोणत्या आरपीएमसाठी मापून केला आहे हे विकणाऱ्याला विचारा. उत्तर आलं नाही तर तो वाकवलेला पाईप आहे, एवढंच.

तुमच्या गाडीत आणखी एक अडचण आहे. आजच्या गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर एक्झॉस्ट मॅनिफोल्डला लागूनच असतो, आणि असे हेडर बहुतेक वेळा तो काढूनच बसतात. मग मागचा ऑक्सिजन सेन्सर बोंब मारतो, चेक इंजिनचा दिवा लागतो, पीयूसीला आयडलवर कार्बन मोनॉक्साईडची ०.३ टक्क्यांची मर्यादा पाळता येत नाही. कॅट नसलेल्या गाडीमागे स्कूटरवरून लेकराला शाळेत नेणारी आई तो धूर घेते, हेही मी गिऱ्हाइकाला सांगतो. कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ प्रमाणे मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि धुरासाठी कलम १९० वेगळं. तिथे पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनी हेच बदल पुढे करते.

मग या इंजिनात हवा खरी अडते कुठे? हेडमध्ये. वॉल्व आणि त्याच्या सीटमधून जाणारी गोल फट हा सगळ्या रस्त्यातला सर्वांत अरुंद घाट आहे. वॉल्व किती उचलला जातो, किती वेळ उघडा राहतो, सीटचे कोन कसे कापले आहेत, वॉल्वच्या खालची वाटी किती गुळगुळीत वळते, यावर खरी हवा ठरते. पोर्टिंगचं काम मला सगळ्यात प्रिय आहे, आणि वाळूजच्या पट्ट्यात व्हॉल्व सीट कापणारे, ग्राइंडिंग करणारे हात असे आहेत की मुंबई-पुण्याला मागे टाकतील. पण पोर्ट नुसता मोठा करणं म्हणजे पोर्टिंग नव्हे. हेड फ्लो बेंचवर (हवा किती जाते ते मोजणाऱ्या मशीनवर) लावून, २८ इंच पाण्याच्या दाबाला, वॉल्वच्या प्रत्येक उंचीला किती हवा जाते ते मोजत मोजत थोडं थोडं काढायचं असतं. चुकून जास्त निघालं तर ते परत भरता येत नाही. त्यानंतर कॅम, त्यानंतर कॉम्प्युटरची नवी मॅप, म्हणजे इंधन आणि ठिणगी ठरवणारं नवं कोष्टक. हा खर्च चाळीस हजारांत बसत नाही आणि रोजच्या गाडीला शोभतही नाही.

आता तुमच्या मूळ तक्रारीकडे येतो, कारण घाटातला त्रास आणि हे पार्ट यांचा संबंधच नाही. फिल्टर, हेडर, थ्रॉटल या सगळ्यांचा जो काही फायदा असतो तो ५००० च्या वर. घाटात तुमची गाडी दम सोडते तेव्हा आरपीएमचा काटा कुठे असतो? बहुतेक २५०० च्या आसपास, गिअर तिसरा किंवा चौथा. तिथे इंजिन साधारण शंभर न्यूटन मीटर ओढतं, त्याचे होतात पस्तीस-छत्तीस हॉर्सपॉवर. गिअर खाली घेऊन काटा ४५०० वर नेला की टॉर्क थोडा वाढून ११० च्या पुढे जातो आणि ताकद सत्तरच्या घरात पोचते. जवळजवळ दुप्पट, एक रुपया न घालता. हे इंजिन खालच्या आरपीएमला ओढणारं नाही, वर फिरणारं आहे. त्याचा सर्वाधिक टॉर्क ४२०० ला आहे. डिझेल चालवून सवय झालेली माणसं त्याला २००० वर ओढायला लावतात आणि मग गाडी कमजोर आहे म्हणतात. घाट सुरू व्हायच्या आधीच गिअर खाली घ्या, काटा चार हजारांच्या वर ठेवा. इंजिन ओरडतं म्हणून घाबरू नका, ते त्यासाठीच बांधलेलं आहे.

हे करूनही गाडी ओढत नसेल तर तिच्यात दोष आहे, आणि तो शोधणं हेच तुमचं अपग्रेड. नवा ओरिजिनल कागदी फिल्टर तीन-चारशे रुपयांत येतो. थ्रॉटलच्या पाकळीमागची काळी कड थ्रॉटल क्लीनरने पुसून घ्या. प्लग तपासा. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं बघून घ्या, चारांत दहा टक्क्यांहून जास्त तफावत नको. क्लच घसरतो का बघा: चौथ्या गिअरमध्ये अचानक फुल रेस दिली आणि काटा वेगाच्या आधी पळाला तर क्लच संपलेला आहे. ब्रेक कॅलिपर अडकून चाक गरम होतं का, टायरची हवा बरोबर आहे का. कॅट आतून वितळून चोंदला असेल तरी वरच्या आरपीएमला गाडी मरते; पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या जागी गेज लावून २५०० ला बॅक प्रेशर बघितला की कळतं, तो एक-दीड पीएसआयच्या वर नको. सीएनजी किट असेल तर तेही लक्षात घ्या, कारण गॅस स्वतःच हवेची नऊ-साडेनऊ टक्के जागा खातो; घाटापुरतं पेट्रोलवर घेतलं तरी फरक कळतो. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्याला आधीच्या पेट्रोलपेक्षा जास्त इंधन सोडावं लागतं, म्हणून स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर इंधनात करतो ती वाढ-घट) थोडी वर गेलेली दिसली तर लगेच सेन्सर बदलू नका.

आता भावाच्या डिझेलबद्दल. १२४८ सीसीचं ते इंजिन स्विफ्टमध्ये ७५ हॉर्सपॉवर आणि १९० न्यूटन मीटर देतं. तेच इंजिन वेगळ्या, पात्यांचा कोन बदलणाऱ्या टर्बोसह एर्टिगात ९० आणि २०० देत होतं. म्हणजे ब्लॉकमध्ये जागा आहे, हवा टर्बो ठरवतो. टर्बोच्या गाडीत हवेचा दाब कॉम्प्युटर ठरवून दिलेल्या आकड्यावर धरतो, त्यामुळे मोकळा फिल्टर लावला तरी टर्बोला थोडं कमी फिरावं लागतं इतकंच. मॅप बदलल्याशिवाय ताकद वाढत नाही. टर्बोच्या गाड्यांमध्ये रीमॅपला, म्हणजे मॅप बदलण्याला, अर्थ का आहे ते इथे कळतं. आपल्या शेंद्र्याच्या कारखान्यात जुळलेल्या ऑक्टेव्हियाच्या टर्बो इंजिनांनी हे इकडच्या बऱ्याच जणांना वीस वर्षांपूर्वीच दाखवून दिलं.

पण रीमॅपच्या आधी हरवलेली ताकद परत आणा. टर्बोपासून इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून मॅनिफोल्डपर्यंतचे रबरी होज क्लिपपाशी हाताने वाकवून बघा. बारीक चीर बंद असताना दिसत नाही, दाबाखाली उघडते. तिच्याभोवती तेलकट, काळी धूळ चिकटलेली असते, तीच खूण. कॉम्प्रेसरची हवा एक बारच्या आत ठेवून रस्ता बंद करून साबणाचं पाणी लावलं की फुगे येतात. ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा वॉल्व) आणि इनटेक मॅनिफोल्ड उतरवून बघा: काजळी आणि ब्रीदरचं ऑइल मिळून आत डांबरासारखा थर बसलेला असतो, कधी भोक निम्मं राहिलेलं असतं. ते उतरवूनच साफ करायचं. चालू इंजिनात केमिकल ओतणाऱ्याकडे गाडी नेऊ नका. सुटलेला मोठा खडा वॉल्वमध्ये किंवा टर्बोत अडकला तर सगळंच जातं. मॅफ सेन्सर त्याच्याच क्लीनरने, ब्रश न लावता. मग स्कॅनरवर मागितलेला बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) आणि मिळालेला बूस्ट हे दोन आकडे फुल रेसला सोबत बघा. ते जुळत नाहीत तोवर रीमॅपचे पैसे देऊ नका.

जुळले, तर ९० च्या आसपास थांबणारा मॅप घ्या. त्यापुढे हा लहान टर्बो हवा दाबण्यापेक्षा तापवायला लागतो. मॅप करणाऱ्याला विचारा: मूळ फाइल जपून देणार का, आधीचा आणि नंतरचा लॉग दाखवणार का, धुराची मर्यादा तशीच ठेवणार का, दोन हजारांच्या खाली टॉर्क हळू चढवणार का. मागे काळा धूर सोडणारी डिझेल गाडी म्हणजे हवेपेक्षा जास्त ओतलेलं इंधन. एक्झॉस्ट तापतो, टर्बो आणि पिस्टन दोन्ही धोक्यात येतात. डायनोचा (ताकद मोजणाऱ्या मशीनचा) कागद दाखवला तर आधीचा आणि नंतरचा आकडा त्याच मशीनवरचा, त्याच दिवसाचा आहे का बघा. चाकावर मोजलेली ताकद क्रँकवरच्यापेक्षा बारा-पंधरा टक्के कमी येते. आधीचा आकडा चाकावरचा आणि नंतरचा क्रँकवरचा दाखवून पंधरा हॉर्सपॉवर वाढल्याचं सांगणं फार सोपं आहे. क्लच ऐंशी-नव्वद हजार पळालेला असेल तर वाढलेल्या टॉर्कला तो पहिल्याच घाटात घसरेल, तो खर्च आधीच धरून ठेवा. आणि रीमॅप हाही बदलच आहे, विमा कंपनीला लेखी कळवायला विसरू नका.

तुम्ही आधी नळीची चाचणी करा. एकूण किती सेंटिमीटर, त्यात फिल्टरचे किती, फुल रेसला इनटेकचं तापमान किती आणि चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन किती, एवढे आकडे कळवा. त्यावरून पुढचं सांगतो.